हवा, पेट्रोल आणि अप्पांचा कान

हुपरीची ओळख चांदीवरून आहे. येथील पैंजण, चाळ आणि घुंगरे देशाच्या कानाकोपऱ्यांत जातात, आणि आमच्या गल्लीत देवपूजेच्या घंटेआधी हातोडीचाच आवाज कानी पडतो. परंतु हे काम जवळून पाहणाऱ्यास लवकरच कळून येते की, हातोडीइतकेच, किंबहुना तीहून अधिक, येथे ज्योतीचे महत्त्व आहे. पैंजणाची कडी झाळावयाची असो की मुशीत चांदी आटवावयाची असो, ज्योतीला वारा किती द्यावा हे ज्याला कळले तो कारागीर. वारा कमी पडला तर ज्योत पिवळी, लोळण घेणारी आणि काजळी धरणारी होते. फार झाला तर ती निळी, टोकदार होऊन फुत्कार टाकू लागते. वितळलेल्या चांदीला हवेतील प्राणवायूची मोठी हाव असते. ती आपल्या आकारमानाच्या सुमारे वीसपट प्राणवायू पिऊन घेते आणि निवताना तो बाहेर टाकते. त्या वेळी पृष्ठभागावर फोड येतात व बारीक कण उडतात. म्हणून आटणीच्या वेळी जाणता माणूस ज्योत किंचित मऊ, म्हणजे वाऱ्याला जरा उपाशी ठेवतो. हे त्याला कोणी पुस्तकातून शिकविलेले नसते. ज्योतीचा रंग आणि तिचा आवाज या दोन गोष्टींवर त्याचा सारा व्यवहार चालतो.

हे सांगावयाचे कारण असे की, गेली दोन वर्षे आमच्या घरात जो वाद चालला आहे तोही मुळात वाऱ्याचा व जळणाचाच आहे. फरक इतकाच, की ही ज्योत कोणाच्या दृष्टीस पडत नाही. ती मोटारीच्या पोटात जळते.

आमचे थोरले बंधू, ज्यांना सारे घर अप्पा म्हणते, यांनी १९८२ साली प्रीमियर पद्मिनी घेतली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट ११०० च्या नमुन्यावर ही मोटार तयार होत असे, आणि म्हणून तिचे पाळण्यातले नाव काहीही असले तरी घरोघर तिला फियाटच म्हणत. २००० सालाच्या सुमारास ती निघावयाची बंद झाली. आमची अद्याप चालते. अप्पा साखर कारखान्यात केमिस्ट होते. रसाचा, पाकाचा आणि मळीचा हिशेब दिवसभर ठेवावयाचा आणि रविवारी मोटारीचे बॉनेट उघडावयाचे, असा त्यांचा पंचवीस वर्षांचा क्रम होता. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका वृद्ध मिस्त्रींच्या हाताखाली त्यांनी ही विद्या हौसेने संपादन केली होती.

पेट्रोल पुरते जळण्यास एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. ऐकताना हा आकडा लहान वाटतो. परंतु हवेचे वजन ते काय! एक लिटर पेट्रोल जाळावयास जवळजवळ अकरा किलो, म्हणजे जागेच्या हिशेबाने दहा हजार लिटर हवा लागते. आमचे देवघर दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच आहे. ते कोंडून भरले तर एका लिटरची हवा झाली. बाजारात जाऊन येईपर्यंत आमची मोटार एक देवघर गिळते. हवेचे प्रमाण यापेक्षा कमी करून साडेबारा-तेरावर आणले तर इंजिन अधिक जोर दाखविते. पंधरा-सोळापर्यंत वाढविले तर पेट्रोल वाचते, पण इंजिन कुरकुरू लागते, आणि चढावर, भार असताना, असे पातळ मिश्रण दिले तर उष्णता वाढून झडपा जळतात.

हे प्रमाण सांभाळण्याचे काम पूर्वी कार्बोरेटरकडे असे. १८९३ च्या सुमारास विल्हेल्म मायबाख या जर्मन यंत्रज्ञाने फवाऱ्याचा कार्बोरेटर सिद्ध केला आणि पुढे जवळजवळ शतकभर जगातील मोटारी त्याच तत्त्वावर चालल्या. हवा एका अरुंद गळ्यातून ओढली जाते. तेथे तिचा वेग वाढतो व दाब घटतो. आणि त्या घटलेल्या दाबामुळे बारीक भोकाच्या पितळी जेटमधून पेट्रोल आपोआप वर येऊन हवेत मिसळते. विजेची तार नाही, हिशेब नाही. हवा जितकी वाहील तितके पेट्रोल तिच्याबरोबर जाते. ही युक्ती मला तरी फार सुंदर वाटते.

परंतु तिला जुळवावे लागते, आणि तेथे अप्पांचा कान कामास येई. इंजिन चांगले तापले की, ते बारीक पेचकस घेऊन मिश्रणाचा स्क्रू आत फिरवीत. इंजिन अडखळू लागले की थांबत, मग किंचित बाहेर घेत. एका विशिष्ट जागी त्या खडखडाटातून एक गोल, सलग स्वर निघे. अप्पा डोळे मिटून तो स्वर ऐकत आणि बोटभरही न हलता म्हणत, "बस्स." त्यानंतर दहा-वीस मैल मोटार चालवून प्लग काढावयाचे. काळा, काजळीचा प्लग म्हणजे पेट्रोल जादा. पांढराफटक म्हणजे हवा जादा. बिस्किटाच्या रंगाचा निघाला म्हणजे सारे यथास्थित. गावातील चार-सहा मोटारी आणि दोन जिपा केवळ त्यांच्या या कानाच्या भरवशावर नांदत होत्या.

२०२३ सालापासून या कानाला उतार पडू लागला. पंचाहत्तरी उलटलेल्या माणसास कमी ऐकू यावे यात नवल नाही. परंतु त्याच सुमारास मोटारही बिघडू लागली. रस्त्यात पाय दाबला की ती क्षणभर दम खाई, मग झटका देऊन पुढे जाई. अप्पा पुनःपुन्हा स्क्रू फिरवीत आणि पुनःपुन्हा समाधान होत नसे. कान गेला म्हणून मोटार जुळत नाही, की मोटार जुळत नाही म्हणून कानावर संशय येतो, हे त्यांना स्वतःलाही उमजेना. त्या दिवसांत ते फार गप्प असत. शेजारच्या एका गृहस्थांनी आपली जीप दुरुस्तीला परस्पर कोल्हापुरास नेली, तेव्हा तर त्यांनी हत्यारांची पेटीच माळ्यावर ठेवून दिली. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, यांना वाईट मोटारीचं वाटत नाही. आपण आता कोणाला नको झालो, असं वाटतंय."

मोटारीचा दोष अप्पांच्या कानाचा नव्हता, हे पुढे अप्पांनीच सिद्ध केले. आणि तेही कानाने नव्हे, तर केमिस्टच्या रीतीने. एके दिवशी त्यांनी १०० मिलिलिटरचे जुने मोजपात्र काढले. त्यात १० मिलिलिटर पाणी घातले आणि पंपावरून आणलेले पेट्रोल ओतून पात्र शंभरापर्यंत भरले. परसात, चुलीपासून दूर बसून ते हलविले आणि स्थिर ठेवले. पेट्रोलातील मद्यार्क पाण्याकडे ओढला जातो, म्हणून खालचा थर फुगतो. दहाचा तो थर अठ्ठावीसावर येऊन उभा राहिला. नव्वद भाग पेट्रोलात अठरा भाग मद्यार्क. म्हणजे शेकडा वीस.

वाचकांस ठाऊकच असेल की, आपल्या देशात पेट्रोलात इथेनॉल मिसळण्याचे धोरण गेली काही वर्षे वेगाने पुढे गेले आहे. शेकडा दहाचा टप्पा २०२२ साली गाठला गेला. वीस टक्क्यांचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये बाजारात आले. आणि जे उद्दिष्ट आधी २०३० सालचे होते ते अलीकडे ओढून २०२५ वर आणण्यात आले. कल्पना मात्र नवी नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली, पॉवर अल्कोहोलचा कायदा आपल्याकडे झाला होता. हे इथेनॉल मका व तांदळाच्या कणीपासूनही होते. पण आमच्या भागात त्याचा अर्थ ऊस, उसाचा रस आणि मळी. हुपरीच्या चारही दिशांना ऊसच ऊस आहे, जवाहर साखर कारखाना आमच्या शिवेवर आहे, आणि गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागून रखडत गेल्यावाचून आमचा कोणताही प्रवास होत नाही. अप्पांनी ज्या मळीचे नमुने जन्मभर तपासले तीच आता रूपांतर पावून त्यांच्या मोटारीत शिरली होती. ते मोजपात्राकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "हा आमच्याच घरचा चोर निघाला की!"

चोर हा शब्द अर्थात रागाचा होता. इथेनॉलच्या रेणूत वजनाने शेकडा पस्तीसच्या आसपास प्राणवायू मुळातच असतो, म्हणून त्याला बाहेरची हवा कमी लागते, पेट्रोलाला १४.७ तर त्याला नऊच. वीस टक्के मिसळल्यावर दोहोंचा मिळून हिशेब साडेतेरावर येतो. नव्या मोटारी हा बदल आपल्या आपण ओळखून जादा पेट्रोल सोडतात. पण कार्बोरेटरच्या पितळी जेटला काय कळणार? तो आपला पूर्वीइतकेच सोडतो, आणि मिश्रण सुमारे आठ टक्क्यांनी पातळ होते. मोटार दम खात होती ती यामुळे. जुन्या रबरी नळ्या मद्यार्काने फुगतात आणि टाकीत पाणी धरले जाते, हा उपद्रव निराळाच.

येथे आमच्या पुतण्याचा प्रवेश होतो. धाकट्या बंधूंचा हा मुलगा पुण्यास अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकत असताना विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या शर्यतीच्या मोटारींच्या स्पर्धेत भाग घेई. कोइमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवे या धावपट्टीवर फॉर्म्युला भारत नावाची स्पर्धा भरते, तीत हे मुलगे मोटारसायकलचे इंजिन घेऊन उतरतात. नियम असा की, इंजिनाने ओढावयाची सारी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच भोकातून गेली पाहिजे. म्हणजे मल्लाच्या नाकपुड्या दाबून त्याला आखाड्यात सोडावयाचे! अशा इंजिनाचे मिश्रण कारखान्याने ठरविलेल्या प्रमाणात चालत नाही. ते नव्याने, संगणकावर जुळवावे लागते. पुतण्याने ही विद्या तेथे उचलली. तो म्हणाला, "अप्पा, आपण कार्बोरेटर काढून फवाऱ्याची पद्धत बसवू. मिश्रण संगणकावर जुळवता येईल."

अप्पांनी साफ नकार दिला. ज्या यंत्राचे पोट उघडून पाहता येत नाही त्याला ते घरात घेणार नव्हते. "उद्या रस्त्यात बंद पडली तर काय संगणकाला स्क्रूड्रायव्हर लावू?" असा त्यांचा सवाल. हा सवाल, माझ्या मते, मुळीच टाकाऊ नव्हता. चार दिवस घरात या एकाच विषयावर जेवणे होत होती. शेवटी भात वाढता वाढता वहिनी सहज बोलून गेल्या, "कानात घातलाय तो कोण आहे मग?"

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. अप्पांनी नुकतेच घेतलेले श्रवणयंत्र म्हणजे एक लहानसा संगणकच आहे. कोल्हापूरच्या श्रवणतज्ज्ञ बाईंनी त्यांच्या कानाची कसोटी घेऊन, कोणत्या पट्टीचा आवाज किती वाढवावा याचे कोष्टक संगणकावरूनच त्यात भरले होते. आणि मौज पाहा: माणसाचे बोलणे स्पष्ट ऐकू यावे म्हणून ही यंत्रे एकसारखा चालणारा आवाज गोंगाट समजून दाबून टाकतात. पंख्याची घरघर, पाण्याचा पंप, आणि अर्थात मोटारीचे इंजिन. जो स्वर ऐकण्यात अप्पांची हयात गेली, नेमका तोच स्वर त्यांचे यंत्र कचरा म्हणून गाळीत होते. हे पुतण्याने समजावून सांगितले तेव्हा अप्पा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझं ते धुराचं यंत्र आधी बसव. कार्बोरेटरला हात लावायचा नाही."

धुराचे यंत्र म्हणजे प्राणवायूमापक. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात किती प्राणवायू उरला आहे हे ते सांगते. त्याच्या पोटी झिर्कोनियाची, म्हणजे एका प्रकारच्या मातीची, पोकळ कांडी असते आणि तिच्या दोन्ही अंगांस प्लॅटिनमचा पातळ थर. एका अंगास बाहेरची हवा, दुसऱ्या अंगास धूर. दोहोंतील प्राणवायूत जितके अंतर तितका विजेचा दाब उत्पन्न होतो. १९७६ साली जर्मनीच्या बॉश कंपनीने असा मापक स्वीडनच्या व्होल्व्हो मोटारींत प्रथम बसविला. साधा मापक फक्त पेट्रोल जादा की हवा जादा एवढेच सांगतो. पुतण्याने आणलेला विस्तृत पल्ल्याचा मापक नेमका आकडा देतो. सायलेन्सरच्या नळीस भोक पाडून उद्यमनगरात तो बसवून घेतला, आणि त्याचा आकडा संगणकाच्या पडद्यावर येऊ लागला.

पहिल्याच दिवशी दिसून आले की, जागेवर उभी असताना मोटार अगदी योग्य मिश्रणावर होती. म्हणजे बहिऱ्या म्हणविल्या जाणाऱ्या अप्पांनी फिरविलेला तो शेवटचा स्क्रू बरोबरच होता. पुतण्याने ते मोठ्याने वाचून दाखविले. अप्पांनी ऐकू न आल्यासारखे केले आणि त्याला पुन्हा वाचावयास लावले! दोष होता तो मधल्या वेगाला. पाय अर्धा दाबला की मिश्रण एकदम पातळ होई. अप्पांनी मोठ्या भोकाचा जेट आणविला. मधला वेग सुधारला. चढावर मात्र काळा धूर निघू लागला. पुन्हा बदलला, तर भलतीकडेच बिघाड. एका पितळी भोकाकडून साऱ्या प्रसंगांचे समाधान होत नाही, हे कार्बोरेटरचे जुनेच दुखणे. पूर्वी ते कानाआड करता येई. पडद्यावर रेघ वरखाली होताना दिसू लागल्यावर ते करता येईना. तिसऱ्या रविवारी अप्पा स्वतःच म्हणाले, "काढ तो. पण नीट तेल लावून डब्यात ठेव."

या डब्याविषयी एक शब्द. वाहनाच्या नोंदणीतील तपशील बदलेल असा फेरफार परवानगीवाचून करावयाचा नाही, असा १९८८ च्या मोटारवाहन कायद्याचा दंडक आहे. पुतण्याने त्याविषयी आधी रीतसर चौकशी केली, इंजिन तेच ठेवले आणि मूळ कार्बोरेटर केव्हाही परत बसविता येईल अशी व्यवस्था राखली. ज्यांना हा नाद लागेल त्यांनी निदान एवढे तरी करावे.

कार्बोरेटरच्या जागी एकच फवारा असलेले भांडे बसले. पेट्रोल दाबाने पुरविणारा विजेचा पंप आला, मद्यार्काला न जुमानणाऱ्या नव्या नळ्या आल्या आणि डिकीत न मावणाऱ्या तारा आल्या. या साऱ्यांचा मेंदू म्हणजे तळहाताएवढी एक पेटी. २००१ च्या सुमारास ब्रूस बाउलिंग व अल ग्रिपो या दोन अमेरिकन गृहस्थांनी हौशी लोकांस स्वतः जुळविता यावी अशी मेगास्क्वर्ट नावाची पेटी तयार केली. आमची त्याच कुळीची. तिच्याशी बोलावयाचे ते ट्यूनरस्टुडिओ नावाच्या प्रणालीतून.

त्या पडद्यावर एक कोष्टक असते: सोळा ओळी आणि सोळा रकाने, म्हणजे २५६ घरे. एका बाजूस इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूस आत ओढल्या जाणाऱ्या हवेचा दाब. प्रत्येक घरातील आकडा सांगतो की, त्या वेगाला व त्या दाबाला इंजिनाचे नळकांडे हवेने शेकडा किती भरते. त्यावरून हवेचे वजन निघते, आणि त्या वजनास शोभेल इतका वेळ, सेकंदाच्या हजारांशांत, फवारा उघडा राहतो. जुळविणे म्हणजे ही घरे खरी करणे. माझ्यासारख्या जन्मभर हजेरीपटाचे रकाने भरलेल्या शिक्षकास हे काम मनापासून पटले.

घरे भरावयाची ती मोटार चालवून. म्हणून गळिताच्या हंगामात दर रविवारी आम्ही तिघे निघत असू. मी चालवीत असे. शेजारी पुतण्या मांडीवर संगणक घेऊन. मागे अप्पा वही घेऊन. यळगूडवरून तळंदग्यास आणि तेथून पंचतारांकित औद्योगिक वसाहतीच्या रुंद रस्त्यांवर. रविवारी तेथे शुकशुकाट असतो आणि एका वेगाने चांगले दोन-तीन मिनिटे जाता येते. मंद वेगाची घरे मात्र उसाच्या ट्रॅक्टरांनी भरून दिली. दुहेरी ट्रॉलीमागे पंधराच्या वेगाने जाताना एरवी मी मनात काय काय म्हटले असते; आता पुतण्या ओरडे, "काका, पुढे काढू नका, चांगली माहिती मिळतेय!"

पहिल्याच आठवड्यात अप्पांनी आक्षेप काढला. पडद्यावर जो आकडा गाठावयाचा म्हणून लिहिला होता तो १४.७. अप्पांनी वही पुढे केली. वीस टक्के मद्यार्क, त्याची घनता, पेट्रोलाची घनता, दोहोंच्या हवेचा हिशेब, सारे पेन्सिलीने मांडलेले. "या पेट्रोलाला साडेतेरा पाहिजे. तुझं यंत्र चौदा दशांश सात कुठून काढतं?" पुतण्या म्हणाला, यंत्र बरोबरच आहे. अप्पा म्हणाले, माझी वही बरोबर आहे. दोघेही खरे होते. मापक मुळात प्रमाण मोजीतच नाही. धुरात उरलेला प्राणवायू मोजतो आणि हवा हवी तितकीच असेल तर 'एक' म्हणतो. त्या एकाला चौदा दशांश सातने गुणून दाखविणे ही प्रणालीची, निर्भेळ पेट्रोलाच्या काळची, सवय. ती पडद्यावर साडेतेराला बेधडक चौदा दशांश सात म्हणते, आणि गाडी त्यामुळे काही बिघडत नाही. परंतु फवाऱ्याने किती पेट्रोल सोडावे याचा पाया ज्या आकड्यावर उभा होता तेथेही तोच जुना आकडा भरलेला निघाला, आणि म्हणूनच सगळी घरे एकाच दिशेने चुकत होती. पुतण्याने तो आकडा बदलला आणि पडद्यावरचे प्रमाण काढून टाकून केवळ 'एक'च्या मापाने वाचावयाचे ठरविले. मग हिशेब तिसरीच्या मुलासही यावा असा झाला. एखाद्या घरी ५० लिहिले आहे, हवे ०.९८ आणि आले १.१२, तर पन्नासाला त्या प्रमाणात वाढवून ५७ करावयाचे. प्रणाली हे गुणाकार आपोआप करते. अप्पा तिच्या आधी तोंडी करून सांगत, आणि दोन्ही जुळले की वहीत बरोबरची खूण.

कोठे 'एक' ठेवावा आणि कोठे न ठेवावा, हे मात्र प्रणाली सांगत नाही. ते अप्पांनी सांगितले. जागेवर उभी असताना या इंजिनाला किंचित जाड मिश्रण आवडते. चढावर पुरते जाड द्यावे, झडपा थंड राहतात. सपाटीवर बेताने पातळ करावे. पहिल्या पन्नास मैलांनंतर प्लग काढून पाहावयाचा हट्ट त्यांनी सोडला नाही. पुतण्याला ते अनावश्यक वाटे. तिसऱ्या नळकांड्याचा प्लग पांढरा निघाला, तेव्हा वाटेना. एकाच फवाऱ्यातून चार नळकांड्यांना वाटणी होताना तिसऱ्याच्या वाट्यास कमी जात होते, आणि सायलेन्सरमधील मापक चौघांचा मिळून धूर हुंगत असल्यामुळे सरासरी उत्तम दाखवीत होता. एकत्र कुटुंबात राहणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही.

नव्या मोटारींतून ही सारी खटपट नजरेआड झाली आहे. २००० सालाच्या सुमारास धुराचे कडक नियम आले, शिसेविरहित पेट्रोल देशभर झाले आणि कार्बोरेटर हळूहळू मावळला. त्यामागचे कारण धुराड्यातील उत्प्रेरक भांडे. प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा लेप दिलेले हे भांडे तीनही प्रकारचे विषारी वायू निवळते, पण मिश्रण अगदी नेमक्या प्रमाणाच्या आसपास असेल तरच. जरा इकडेतिकडे झाले की त्याची क्रिया अपुरी पडते. म्हणून संगणक आला आणि सेकंदातून अनेक वेळा मिश्रण सावरू लागला. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या मोटारी तर आपल्या कोष्टकाला कुलूप घालूनच बाहेर पडतात. मोठ्या शहरांत ही कुलपे फोडून नवी कोष्टके भरून देणारे आहेत. तरुण मंडळी जोराकरिता पैसे मोजतात, जाड मिश्रणाने ते उत्प्रेरक भांडे जळते आणि धूर दुसऱ्यांच्या पोरांच्या छातीत जातो. हे मला हौस या सदरात घालावेसे वाटत नाही.

आमच्या मोटारीने पेट्रोल फारसे वाचविले असे म्हणता येणार नाही. इथेनॉलमध्ये मुळातच उष्णता कमी, तेव्हा जे नाही ते संगणक कोठून आणील? परंतु दम खाणे थांबले, काळा धूर थांबला आणि माळ्यावरची पेटी खाली आली. ती जीपही परत आमच्या अंगणात उभी राहू लागली आहे. तिला संगणक बसविलेला नाही. अप्पा मापक तात्पुरता तिच्या सायलेन्सरच्या तोंडाशी धरतात, आकडा पाहतात, मग पेचकस घेतात.

श्रवणतज्ज्ञ बाईंकडे ते पुन्हा जाऊन आले. त्या यंत्रात एकाहून अधिक कोष्टके ठेवता येतात असे कळले, म्हणून गोंगाट न गाळणारे एक निराळे कोष्टक त्यांनी भरून घेतले आहे. "कशासाठी हवंय, आजोबा? गाण्यासाठी?" असे बाईंनी विचारले, तेव्हा अप्पांनी "होय" म्हणून सांगितले. त्यांना पूर्वीचा तो गोल स्वर ऐकू येतो का, हे मी विचारलेले नाही. बटण दाबून ते कोष्टक लावतात आणि बॉनेटवर हात टेकून उभे राहतात एवढे दिसते.

पुतण्या आता पुण्यास नोकरीवर असतो. सध्याचा वाद थंडीतील सुरुवातीचा आहे. गार इंजिनाला जादा पेट्रोल लागते, आणि ते किती अंशाला किती, याचे कोष्टक वेगळे. मद्यार्क थंडीत सहज वाफ होत नाही, म्हणून अप्पांच्या मते तेथील आकडे वाढविले पाहिजेत. पुतण्याच्या मते पहिल्या अर्ध्या मिनिटापुरतेच. रोज रात्री दूरध्वनीवर तापमान आणि टक्के यांची देवघेव चालते. संक्रांतीस तो यावयाचा आहे. थंडी शिल्लक असली तर पहाटे सहाला, रात्रभर न हलविलेली मोटार सुरू करून पाहावयाचे ठरले आहे, आणि वहिनींनी त्या दिवसापुरती रांगोळी तुळशीच्या पलीकडच्या अंगास काढावयाचे कबूल केले आहे.